एकाकी राष्ट्रे आणि अण्वस्त्र-तंत्रज्ञानाचे संपादन

आंतरराष्ट्रीय निर्बंध, राजनैतिक बहिष्कार किंवा मित्रराष्ट्राने काढून घेतलेले सहकार्य यांमुळे ज्या राष्ट्रांचे उर्वरित जगाशी असलेले व्यापारी व वैज्ञानिक संबंध तुटले आहेत, अशा राष्ट्रांनी अण्वस्त्रनिर्मितीसाठी लागणारे ज्ञान, यंत्रसामग्री आणि विखंडनक्षम (ज्याचे अणू फुटून ऊर्जा बाहेर पडते असे) द्रव्य मिळवण्याची प्रक्रिया. १९६० नंतरचा चीन, वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिका, उत्तर कोरिया आणि लिबिया ही तिची ठळक उदाहरणे होत. पाकिस्तान, इराक, इराण आणि इस्रायल यांच्या कार्यक्रमांतही तिच्या खुणा सापडतात. मात्र हे देश पूर्णार्थाने एकटे पडलेले नव्हते. ‘एकाकी’ हा शब्दच मुळात येथे जपून वापरावा लागतो. या देशांपैकी एकानेही सगळी दारे बंद असताना शून्यापासून सुरुवात केलेली नाही. दार उघडे होते तेव्हा प्रत्येकाने काही ना काही आत घेतले होते, आणि दार लोटले गेल्यावर फटींतून उरलेले मिळवले. म्हणून या विषयाचा अभ्यास हा बऱ्याच अंशी त्या फटींचा अभ्यास आहे.

मूळ अडसर. अणुस्फोटामागील भौतिकशास्त्र १९४५ नंतर फार काळ गुपित राहिले नाही. खरा अडसर द्रव्याचा आहे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते, तर अस्त्रासाठी ते साधारण ९० टक्क्यांपर्यंत न्यावे लागते. हे समृद्धीकरण टाळायचे असेल, तर अणुभट्टीत प्लुटोनियम तयार करून ते वापरलेल्या इंधनातून रासायनिक पुनर्प्रक्रियेने वेगळे काढावे लागते. दोन्ही मार्गांना मोठे कारखाने, दुर्मीळ धातू, अचूक यंत्रे आणि अनेक वर्षे लागतात. अण्वस्त्रप्रसार रोखणारी जागतिक व्यवस्था कागदावरच्या सूत्रांपेक्षा द्रव्य आणि यंत्रे यांवर पहारा ठेवते, ती याच कारणाने.

अणुशक्तीच्या शांततामय वापराचे दार. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ८ डिसेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शांततेसाठी अणुशक्तीची योजना मांडली, आणि १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. पुढच्या दोन दशकांत संशोधनासाठीच्या अणुभट्ट्या जगभर वाटल्या गेल्या. दक्षिण आफ्रिकेतील पेलिंडाबा येथील ‘सफारी-१’ ही अणुभट्टी अमेरिकेने पुरवली होती व ती १९६५ मध्ये सुरू झाली. तेहरानमधील अणुभट्टीही अमेरिकी, ती १९६७ ची. सोव्हिएत संघाने हेच काम आपल्या गोटात केले: १९५६ मध्ये दुब्ना येथे स्थापन झालेल्या संयुक्त अणुसंशोधन संस्थेचा उत्तर कोरिया संस्थापक सदस्य होता, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास योंगब्यॉन येथे सोव्हिएत मदतीने संशोधन अणुभट्टी उभी राहिली. लिबियातील ताजुरा येथील केंद्रही सोव्हिएत मदतीचेच. ही मदत देणाऱ्यांचा हेतू अस्त्रे वाटण्याचा नव्हता, आणि अणुभट्ट्यांवर तपासणीची अटही बहुधा घातलेली असे. परंतु अणुभट्टीला कुलूप लावता येते, तिच्यावर शिकून तयार झालेल्या माणसाला लावता येत नाही, ही गोष्ट त्या काळी पुरेशी गांभीर्याने घेतली गेली नाही.

भारताने १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे घेतलेल्या चाचणीतील प्लुटोनियम कॅनडाच्या सहकार्याने उभारलेल्या आणि अमेरिकी जड पाणी (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे विशेष पाणी) वापरणाऱ्या ‘सायरस’ अणुभट्टीतून आले होते. भारताने ती चाचणी शांततामय असल्याचे सांगितले. पुरवठादार देशांनी मात्र त्यातून वेगळाच धडा घेऊन निर्यातीवर एकत्रित नियंत्रण ठेवणारा अणुपुरवठादार गट स्थापन केला. ज्या फटी नंतरच्या देशांना शोधाव्या लागल्या, त्या या भिंतीतल्या आहेत.

चीन. १९५७ च्या करारानुसार सोव्हिएत संघ चीनला अण्वस्त्रविषयक तांत्रिक साहाय्य देणार होता. जून १९५९ मध्ये मॉस्कोने ते देण्यास नकार कळवला आणि १९६० मध्ये आपले तज्ज्ञ परत बोलावले. अमेरिकेशी तर संबंधच नव्हते. संयुक्त राष्ट्रांतील जागाही बीजिंगला १९७१ पर्यंत मिळाली नव्हती. तरीही १६ ऑक्टोबर १९६४ रोजी लोप नूर येथे चीनचा पहिला स्फोट झाला. त्याचे सांकेतिक नाव ‘५९६’ होते: ज्या वर्षी व ज्या महिन्यात सोबत सुटली, त्याची ती आठवण. ही जिद्द खरी होती, पण ती एकट्याची करामत नव्हती. सोव्हिएत अभियंत्यांनी निघून जाण्यापूर्वी समृद्धीकरणाच्या कारखान्याचे काम बरेच पुढे नेले होते, आणि चीनच्या कार्यक्रमाच्या अग्रभागी पॅरिसमध्ये शिकलेले छियेन सानछियांग आणि अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले तेंग च्यास्येन यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते.

दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी धोरणामुळे या देशावरील बहिष्कार वर्षागणिक कडक होत गेला. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने ४१८ व्या ठरावाने त्याला शस्त्रे विकण्यास सक्तीची बंदी घातली. त्याच वर्षी कालाहारीच्या वाळवंटातील चाचणीस्थळ सोव्हिएत उपग्रहाच्या नजरेस पडले, आणि मॉस्को व वॉशिंग्टन या दोघांच्याही दबावामुळे तेथील तयारी थांबवावी लागली. तरी कार्यक्रम थांबला नाही. देशात युरेनियमच्या खाणी होत्या, सोन्याच्या खाणकामातून वाढलेला भक्कम अभियांत्रिकी उद्योग होता, आणि परदेशात शिकलेली शास्त्रज्ञांची पिढी होती. व्हॅलिंडाबा येथील कारखान्यात समृद्धीकरणासाठी जी पद्धत वापरली, ती भोवऱ्यासारख्या वायुप्रवाहावर आधारलेली होती. तिचे जर्मनीत विकसित होत असलेल्या पद्धतीशी साम्य होते, पण प्रत्यक्ष यंत्रणा दक्षिण आफ्रिकेची स्वतःची होती. ती प्रचंड वीज खाई व आर्थिकदृष्ट्या परवडणारी नव्हती. मात्र बाहेरून काहीच विकत घेता येत नसताना महाग पण आपल्या हातातली पद्धत निवडणे, हा बहिष्कृत देशांच्या वागण्यातला एक नमुनाच आहे. इस्रायलशी झालेल्या गुप्त देवाणघेवाणीत युरेनियमच्या बदल्यात ट्रिटियम (अस्त्राचा स्फोट वाढवणारा हायड्रोजनचा प्रकार) मिळाले, हेही पुढे उजेडात आले. वाळीत पडलेले दोन देश एकमेकांना शोधून काढतात, असे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

अशा रीतीने सहा अस्त्रे तयार झाली आणि सातवे अपुरे राहिले. सरकारने ती सर्व मोडली, १० जुलै १९९१ रोजी अण्वस्त्रे न बनवण्याचे बंधन स्वीकारून देश अण्वस्त्र प्रसारबंदी करारात सामील झाला, आणि २४ मार्च १९९३ रोजी अध्यक्ष डी क्लार्क यांनी संसदेत प्रथमच या कार्यक्रमाची जाहीर कबुली दिली. स्वतः बनवलेली अण्वस्त्रे स्वेच्छेने पूर्णपणे नष्ट करणारा हा एकमेव देश आहे, आणि या विषयाचा विचार करताना त्याचे हे दुसरे पाऊल पहिल्याइतकेच बारकाईने अभ्यासले पाहिजे.

जुन्या तंत्राचा मार्ग. नियंत्रणाच्या याद्या साहजिकच अद्ययावत तंत्रज्ञानाभोवती रचल्या जातात. जे तंत्र प्रगत देशांनी मोडीत काढले, त्याच्यावर कोणाचे लक्ष राहत नाही. उत्तर कोरियाने योंगब्यॉन येथे १९८६ मध्ये जी छोटी अणुभट्टी सुरू केली, ती १९५६ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनच्या काल्डर हॉल येथील अणुभट्टीच्या धर्तीवर होती, आणि त्या अणुभट्टीची माहिती बऱ्याच काळापासून उघड प्रसिद्ध झालेली होती. या प्रकारच्या अणुभट्टीला समृद्ध युरेनियम लागत नाही की जड पाणी लागत नाही; नैसर्गिक युरेनियम आणि ग्राफाइट पुरते, आणि ती दोन्ही देशात उपलब्ध होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकमध्ये निरीक्षकांना असेच काहीसे आढळले. अमेरिकेने महायुद्धकाळात वापरून सोडून दिलेली विद्युतचुंबकीय समृद्धीकरणाची पद्धत इराकने गुपचूप पुनरुज्जीवित केली होती. ती कोणी वापरेल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. या धक्क्यातून दुहेरी (नागरी तसेच अस्त्रविषयक) उपयोगाच्या वस्तूंची नियंत्रण-यादी १९९२ मध्ये आली, आणि निरीक्षकांना अघोषित ठिकाणांपर्यंत पोचण्याचे अधिक अधिकार देणारा अतिरिक्त करार १९९७ मध्ये मंजूर झाला.

उत्तर कोरिया डिसेंबर १९८५ मध्ये प्रसारबंदी करारात सामील झाला होता. १९९२ मधील तपासणीत घोषित प्लुटोनियम आणि प्रत्यक्ष नमुने यांचा मेळ बसला नाही. पुढे करारातून बाहेर पडण्याची धमकी, ऑक्टोबर १९९४ चा अमेरिकेशी समझोता, तो मोडल्यावर जानेवारी २००३ मध्ये कराराचा त्याग आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली चाचणी, असा क्रम लागला. सप्टेंबर २०१७ पर्यंत एकूण सहा चाचण्या झाल्या. करारात राहून नागरी तंत्रज्ञानाचे लाभ घ्यायचे व पुरेशी तयारी झाल्यावर बाहेर पडायचे, ही पळवाट कराराच्या दहाव्या कलमातच आहे. तीन महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडण्याचा हक्क ते कलम देते, आणि तो काढून घेण्यास सदस्य देश आजवर तयार झालेले नाहीत.

खान यांचे जाळे. पाकिस्तानी धातुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान हे १९७२ पासून ॲमस्टरडॅममधील एका अभियांत्रिकी कंपनीत नोकरीस होते. ही कंपनी ब्रिटन, जर्मनी व नेदरलँड्स यांच्या युरेन्को या समृद्धीकरण उपक्रमासाठी काम करी. डिसेंबर १९७५ मध्ये ते पाकिस्तानात परतले, तेव्हा त्यांच्याकडे सेंट्रीफ्यूज यंत्रांचे (प्रचंड वेगाने फिरून युरेनियम समृद्ध करणाऱ्या नळकांड्यांचे) आराखडे होते, आणि त्याहून मोलाची म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या युरोपीय कंपन्यांची माहिती होती. पाकिस्तानातील कहुता येथील प्रयोगशाळेसाठी पूर्ण यंत्रे न मागवता वेगवेगळ्या देशांतून वेगवेगळे भाग, वेगवेगळ्या नावांनी मागवले गेले. एकेका भागाची निर्यात त्या त्या देशाच्या कायद्यात अनेकदा निषिद्ध नव्हती. बेकायदा होती ती त्यांची बेरीज. डच न्यायालयाने १९८३ मध्ये खान यांना त्यांच्या अनुपस्थितीत चार वर्षांची शिक्षा सुनावली, पण समन्स नीट बजावले गेले नसल्याच्या कारणाने ती रद्द झाली.

खरेदीसाठी विणलेले हे जाळे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विक्रीसाठी वापरले जाऊ लागले. दुबई हे त्याचे व्यापारी केंद्र होते. इराण, लिबिया आणि उत्तर कोरिया हे त्याचे गिऱ्हाईक बनले. परवेझ मुशर्रफ यांनी पाकिस्तानच्या अध्यक्षपदी असतानाच लिहिलेल्या आत्मकथनात खान यांनी उत्तर कोरियाला सुमारे दोन डझन सेंट्रीफ्यूज यंत्रे पाठवल्याचे नमूद केले आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सिगफ्रिड हेकर यांना योंगब्यॉन येथे समृद्धीकरणाचे एक नवे दालन दाखवण्यात आले. तेथे २,००० यंत्रे बसवल्याचे यजमानांनी त्यांना सांगितले.

ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ हे लिबियाकडे निघालेले जहाज इटलीतील तारांतो बंदराकडे वळवण्यात आले आणि त्यावर मलेशियात बनलेले सेंट्रीफ्यूजचे भाग सापडले. १९ डिसेंबर २००३ रोजी लिबियाने कार्यक्रम सोडल्याचे जाहीर केले, आणि ४ फेब्रुवारी २००४ रोजी खान यांनी पाकिस्तानी दूरचित्रवाणीवरून कबुली दिली. त्यांना दुसऱ्याच दिवशी माफी मिळाली. हे सर्व त्यांनी एकट्याने, सरकारच्या नकळत केले, ही अधिकृत भूमिका अनेक अभ्यासकांना पटलेली नाही. लष्करी विमाने आणि अतिसुरक्षित प्रयोगशाळा यांचा सहभाग पाहता ती पटणे कठीणच आहे. लिबियाने सोपवलेल्या कागदपत्रांत अस्त्राचे आराखडेही होते, त्यांतील काही मजकूर चिनी भाषेत होता, आणि मूळ रचना चीनच्या १९६० च्या दशकातील अस्त्राची असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. मॉस्कोने साथ सोडल्यावर चीनने जे कष्टाने उभे केले, त्याचा कागद चाळीस वर्षांनी त्रिपोलीत मिळावा, यावरून हे ज्ञान किती दूरवर झिरपते याची कल्पना येते.

लिबियाचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या देशाकडे तेलाचा पैसा होता. त्याने जाळ्याकडून यंत्रे, भाग, युरेनियमचे संयुग आणि आराखडे असे जवळजवळ सगळेच विकत घेतले किंवा घेण्याचा करार केला. तरीही प्रत्यक्षात नऊ यंत्रांच्या एका लहान साखळीपलीकडे फारशी प्रगती झाली नाही. अचूक कातकाम करणारे कारखाने, यंत्र बिघडल्यावर ते का बिघडले हे ओळखणारे तंत्रज्ञ आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा औद्योगिक अनुभव या गोष्टी पेटीत घालून मिळत नाहीत. उत्तर कोरियाने तुलनेने फार थोडे विकत घेतले, पण जे घेतले त्याची नक्कल करू शकेल असा अवजड उद्योग आणि यंत्रोद्योग त्याच्याकडे होता. निर्बंध एखाद्या देशाला किती काळ रोखतील, हे पुष्कळदा निर्बंधांच्या कडकपणापेक्षा त्या देशातील कारागिरीवर ठरते.

पैसा आणि आजचे स्वरूप. २८ एप्रिल २००४ रोजी सुरक्षा परिषदेने १५४० व्या ठरावाद्वारे अशा खाजगी व्यापाराला आळा घालणारे कायदे करणे सर्व देशांना बंधनकारक केले. उत्तर कोरियावर २००६ च्या १७१८ व्या ठरावापासून निर्बंधांची साखळी सुरू झाली आणि २०१७ मध्ये कोळसा, मासळी व वस्त्रे यांच्या निर्यातीवरही बंदी आली. त्यापूर्वी हा देश क्षेपणास्त्रे विकून परकीय चलन मिळवत असे. आता त्याची जागा बऱ्याच अंशी संगणकीय चोरीने घेतली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या खात्यातून गेलेले ८.१ कोटी डॉलर आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या आभासी चलन विनिमय मंचावरून गेलेले सुमारे १५० कोटी डॉलर या दोन्हींसाठी अमेरिकी तपासयंत्रणांनी उत्तर कोरियाला जबाबदार धरले आहे. बंदरात अडवता येईल असे जहाज या व्यवहारात नसते.

या निर्बंधांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञमंडळ २००९ पासून काम करीत होते, आणि उत्तर कोरियाच्या छुप्या व्यवहारांविषयीची बरीच जाहीर माहिती त्याच्याच अहवालांतून आली आहे. मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून त्याची मुदतवाढ रोखली आणि ३० एप्रिल रोजी मंडळ बंद झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांच्यासह ११ देशांनी संयुक्त राष्ट्रांबाहेर स्वतःचे निरीक्षण पथक स्थापन केले. रशिया व चीन त्यात नाहीत.