मंदीतील कामगारकपात आणि उद्योगांची उभारी : कोल्हापूर

मागणी आटली की कारखान्यांनी माणसे कमी करायची आणि मागणी परतली की पुन्हा भरायची, हे चक्र कोल्हापूर जिल्ह्यात मोठ्या शहरांपेक्षा वेगळ्या रीतीने फिरते. कपातीची नोटीस येथे फाटकावर क्वचितच लागते. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी, मग ठेकेदाराच्या माणसांना ‘ब्रेक’, म्हणजे काही काळ सक्तीची सुट्टी, मिळतो. कायम कामगाराला हात लागेपर्यंत बहुधा मंदीच सरत आलेली असते. म्हणूनच कपातीचा आकडा सरकारी कागदावर लहान आणि गावागावांत मोठा दिसतो.

उद्योगांची घडण : शहरातील शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने, त्यांचे सुटे भाग आणि ओतकाम यांवर कारागिरांनी उभी केलेली यंत्रविद्या पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या औद्योगिक वसाहतींत पसरली. जिल्ह्यात ३०० च्या आसपास फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि इंजिने यांचे ओतीव भाग येथे तयार होतात. ऑर्डर पुण्यापासून चेन्नईपर्यंतच्या वाहन कंपन्यांकडून येते. महिन्याचे ‘शेड्यूल’, म्हणजे त्या महिन्यात पाठवायच्या मालाची मागणी, किती आले, यावर भट्टी किती तास चालणार ते ठरते. त्यामुळे कोल्हापूरची मंदी बहुतेक वेळा कोल्हापुरात जन्मत नाही. याशिवाय इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम, साखर कारखाने आणि चप्पल व्यवसाय आहेत. प्रत्येकाचे चढउतार वेगळ्या घड्याळावर चालतात.

कायदा आणि व्यवहार : औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये ले-ऑफ आणि छाटणी हे दोन वेगळे प्रकार होते. ले-ऑफमध्ये कामगार पटावर राहतो आणि त्याला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. छाटणीत नाव पटावरून जाते; त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटी आलेला आधी जाईल आणि पुन्हा भरती करताना काढलेल्यांना आधी विचारले जाईल, असेही हा कायदा सांगत असे. मात्र ले-ऑफ भरपाईचे कलम ५० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना आणि हंगामी उद्योगांना लागू नव्हते. उद्यमनगरातल्या बहुतेक शेड या पहिल्या वर्गात मोडतात आणि साखर कारखाने दुसऱ्या. म्हणजे ज्या जिल्ह्यात या भरपाईची गरज सर्वाधिक, तिथेच तिचा उपयोग कमी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने छाटणीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली, आणि काढलेल्या कामगाराच्या खात्यात १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम जमा करणारा पुनर्कौशल्य निधी आणला. ५० ची अट तशीच राहिली.

कायद्याबाहेरचा आधार शेतीचा आहे. करवीर, कागल, हातकणंगले या तालुक्यांतला कामगार बहुधा गावातूनच कामावर येतो. घरी वीस-तीस गुंठे ऊस आणि गोठ्यात एखादी म्हैस असते, दूधसंघाचे बिल दर दहा दिवसांनी हातात पडते. त्याला ब्रेक मिळाला, तर तो ‘बेकार’ म्हणून कुठे नोंदला जात नाही, शेतात दिसतो. हा आधार नसलेला कामगार म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून मोल्डिंग (साचे तयार करणे) आणि फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) कामावर आलेला. त्याच्यासाठी कपात म्हणजे थेट परतीची गाडी.

२०१८ ते २०२३ चा फेरा : कोल्हापूरच्या स्मरणातील अलीकडची सर्वांत लांब मंदी करोनाच्या आधीच सुरू झाली होती. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या आसावरचा अनुज्ञेय भार सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवला. आहे त्याच गाड्यांत जास्त माल मावू लागल्यावर नव्या ट्रकची गरज घटली. सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तकंपनीने कर्जफेड थकवल्याचे प्रकरण उघड झाले आणि वाहनकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनप्रदूषणाचे नवे मानक येणार असल्याने कंपन्या जुना साठा संपवण्यात गुंतल्या. देशातील व्यापारी वाहनांची विक्री २०१८-१९ मध्ये १० लाखांवर होती. ती २०१९-२० मध्ये सुमारे ७.१८ लाखांवर आली; अवजड आणि मध्यम ट्रक-बसची घट तर ४२ टक्क्यांहून अधिक होती. कोल्हापूरच्या ओतकामाला झळ बसली ती मुख्यतः या अवजड गटाची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला, तेव्हा आधीच अर्धे झालेले शेड्यूलही वेळेत पाठवता येईना.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत भट्ट्या पूर्ण थंडावल्या. मे महिन्यात परप्रांतीय कामगार श्रमिक विशेष गाड्यांनी गेले. गंमत म्हणजे काही आठवड्यांतच उलटी अडचण उभी राहिली : ऑर्डर आली, पण माणूस नाही. पाऊसपाणी बरे झाले, शेतमालाची खरेदी चालू राहिली आणि ट्रॅक्टर उठला. २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ९ लाख ट्रॅक्टर विकले गेले, तो तोवरचा उच्चांक होता. त्याच वर्षी व्यापारी वाहने ५.६९ लाखांच्या तळाला होती. म्हणजे एकाच वसाहतीत ट्रॅक्टरचे भाग ओतणारी फाउंड्री तीन पाळ्यांत आणि ट्रकचे भाग ओतणारी एका पाळीत, असे चित्र होते. त्या काळात ‘कोल्हापूर सावरले का’ या प्रश्नाला एक उत्तर देणे चुकीचेच ठरले असते. व्यापारी वाहने २०२२-२३ मध्ये ९.६२ लाखांपर्यंत परतली, पण मधल्या काळात पिग आयर्न (ओतकामाचे कच्चे लोखंड) आणि स्क्रॅपचे भाव इतके चढले की काम होते, नफा नव्हता. केंद्राने मे २०२२ मध्ये पिग आयर्नवर निर्यात शुल्क लावले आणि नोव्हेंबरमध्ये काढले.

उभारीची लक्षणे : शेअर बाजार किंवा राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे येथे उशिरा उपयोगी पडतात. उद्योजक आणि ठेकेदार ज्या खुणा पाहतात, त्या अधिक विश्वासार्ह आहेत. पहिली खूण जॉबवर्कची, म्हणजे मोठ्या कारखान्याने छोट्यांना मजुरीवर दिलेल्या कामाची. मंदीत मोठा कारखाना बाहेर दिलेले मशीनिंग आत ओढून घेतो आणि स्वतःची सीएनसी (संगणकनियंत्रित) मशीन चालती ठेवतो. उभारीत आतली क्षमता पुरेनाशी झाली की काम बाहेर पडते. म्हणून उद्यमनगरातली दोन-तीन लेथची शेड सर्वांत आधी रिकामी होते आणि भरते सर्वांत शेवटी. तिथे रात्री दिवा दिसू लागला, तर मागणी खरीच आली असे धरायला हरकत नाही.

दुसरी खूण पैशाची. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करावीत असा कायदा आहे. मंदीत बिले तीन-चार महिने लांबतात आणि छोटा पुरवठादार पगार भागवण्यासाठी पतसंस्थेकडे वळतो. ही मुदत आखडू लागणे हे शेड्यूल वाढण्याइतकेच महत्त्वाचे. विजेवरची इंडक्शन भट्टी चालवणारे कारखाने महावितरणकडे विजेची मंजूर मागणी वाढवून मागतात, जुन्या यंत्रांचा भाव चढतो, शिरोली, नागाव, कणेरी परिसरात भाड्याच्या खोल्या मिळेनाशा होतात. फाटकावरची ‘हेल्पर पाहिजेत’ ही पाटी मात्र फसवी असते. ती केवळ परप्रांतीय माणसे छटपूजेला किंवा लग्नसराईला गावी गेल्यानेही लागते.

भरतीचा क्रमही बहुतांशी कपातीसारखाच असतो : आधी ओव्हरटाइम, मग ठेकेदाराची माणसे, मग शिकाऊ उमेदवार. कायम जागा मात्र या क्रमात बहुधा येतच नाहीत. निवृत्त झालेल्या कायम कामगाराची जागा ठेक्यावर भरली जाते, आणि प्रत्येक मंदीनंतर पटावरची नावे थोडी आणखी कमी झालेली असतात. उत्पादन पूर्वपदावर आले म्हणजे रोजगार पूर्वपदावर आला, हा निष्कर्ष म्हणूनच येथे टिकत नाही.

इतर व्यवसाय : साखर कारखान्यांचा ब्रेक वार्षिक आणि ठरलेला असतो; गाळप संपले की हंगामी कामगार घरी. पण एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, वेळेवर जमा झाली की बाजारपेठ हलते, आणि थकली की दुकानदारही मंदीची भाषा बोलू लागतात. हुपरीत चांदीचा भाव एकदम उसळला की ऑर्डर थांबतात आणि घरोघरचे कारागीर बसून राहतात. तिथे मंदी महिन्यांत नव्हे, आठवड्यांत मोजली जाते.

इचलकरंजीची गोष्ट निराळी आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि संस्थानिक नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळाने गाव वाढले. मुंबईचा १९८२ चा गिरणी संप यंत्रमागांच्या पथ्यावर पडला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेली शाहू मिल मात्र २००३ मध्ये बंद झाली आणि सावरलीच नाही. इचलकरंजीत नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि जुलै २०१७ चा जीएसटी यांचा फटका प्रथम बसला तो खर्चीवाल्यांना, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांना. मजुरी घटल्यावर त्यांनी माग बंद ठेवले, आणि पुढे अनेकांनी ते वजनावर भंगारात विकले. फाउंड्रीची भट्टी पुन्हा पेटवता येते. भंगारात गेलेला माग परत येत नाही. बाजार सुधारला तेव्हा जागा भरली ती शटललेस (धोट्याविना चालणाऱ्या) मागांनी, ज्यांच्यावर तेवढ्याच कापडासाठी कितीतरी कमी विणकर लागतात.