आयएमजीएचडीआर कुठं गेलं?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका पतसंस्थेत नवा कॉम्प्युटर आला आणि सभासदांचे फोटो तपासून घेणारा जुना प्रोग्रॅम बंद पडला. पडद्यावर एकच तक्रार: 'आयएमजीएचडीआर' नावाचं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडची फाइल, सापडत नाही. अमावास्येला मशीन चालू केलं म्हणून हे झालं, असं निदान निघालं आणि मॉनिटरला लिंबू-मिरची लागली. दाभोलकरांच्या गावात! प्रोग्रॅममधलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलली होती तो ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता त्या पायथॉनची आवृत्ती.

पायथॉनबरोबर तयार मॉड्यूलांचा मोठा संच येतो, तीच स्टँडर्ड लायब्ररी. 'बॅटरीसकट' हे त्याचं जुनं बिरुद. इंटरनेट रडतखडत चालायचं तेव्हा हे वरदान होतं. पण या संचात कालबाह्य माल साठत गेला: दूरच्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या पण पासवर्ड उघड्यावर पाठवणाऱ्या टेलनेटचं मॉड्यूल, सन या कॉम्प्युटर कंपनीच्या ध्वनिफायलींचं मॉड्यूल. कोणी वापरो न वापरो, प्रत्येकाच्या चाचण्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सांभाळायच्या, त्याही बहुतांशी स्वयंसेवकांनी. शेवटी ख्रिश्चन हाईम्स आणि ब्रेट कॅनन यांच्या 'पेप ५९४' या प्रस्तावानुसार ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीतून १९ मॉड्यूलं काढली गेली. 'पायथॉन संपला' वगैरे व्हिडिओ बनवणाऱ्यांनी यातही सनसनाटी शोधली, तो भाग सोडून देऊ.

खरी गंमत 'सापडत नाही' यात आहे. 'इम्पोर्ट', म्हणजे मॉड्यूल आणायची आज्ञा, दिसली की पायथॉन आधी मेमरीतली यादी बघतो: हे मॉड्यूल मघाशीच आणलंय का? नसेल तर तीन शोधक ओळीने कामाला लागतात. पहिला इंटरप्रिटरच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पोटातच असलेली मॉड्यूलं बघतो, दुसरा आधीच बाइटकोड (यंत्रणेला थेट चालवता येणारं रूप) करून आत गोठवलेली, तिसरा फोल्डर धुंडाळतो. फोल्डरांचाही क्रम ठरलेला: आधी ज्या फोल्डरात तुमचा प्रोग्रॅम आहे तो, मग स्टँडर्ड लायब्ररी, शेवटी 'पिप' या साधनाने बाहेरून आणून बसवलेली पॅकेजेस. नाव जिथं पहिल्यांदा जुळेल तिथं शोध संपतो, आतला मजकूर योग्य आहे का हे कोणी विचारत नाही. म्हणूनच स्वतःच्या फायलीला 'रँडम' नाव देणाऱ्या विद्यार्थ्याला खरं 'रँडम' मिळतच नाही. आणि सगळी ठिकाणं पालथी घालूनही नाव जुळलं नाही, तर पतसंस्थेत दिसली ती ओळ येते.

बरं, जे गेलं ते फार मोलाचं होतं असंही नाही. आयएमजीएचडीआर फायलीचे पहिले ३२ बाइट वाचून चित्राचा प्रकार ओळखायचं. जेपेगसाठी ते मुख्यतः सातव्या ते दहाव्या बाइटवर 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ' ही अक्षरं शोधायचं. ती नसलेले, पण अगदी धडधाकट जेपेग त्याच्या हातून निसटत. आयफोनचे एचईआयसी फोटो त्याला कळतच नसत.

मग आधी सांगितलं का नाही? सांगितलं होतं. २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून हे मॉड्यूल आणलं की इशारा निघत होता. पण पायथॉन असे इशारे एरवी दाबून ठेवतो, मुख्य फायलीतून आले तरच दाखवतो. पतसंस्थेतलं इम्पोर्ट एका मदतनीस फायलीत होतं, त्यामुळे इशारा दोन वर्षं निघत राहिला आणि कोणालाच दिसला नाही. मॉड्यूलं काढली ते योग्यच, पण दोन वर्षांची सूचना अशी कुजबुजत देणं मला पटत नाही.

इलाज मात्र त्या शोधाच्या क्रमातच आहे. आयएमजीएचडीआर ही शुद्ध पायथॉनमधली एकच फाइल. ३.१० आवृत्तीतून ती उचलून प्रोग्रॅमच्या फोल्डरात ठेवली की पायथॉनला ती सापडते (३.११ किंवा ३.१२ मधली घेतली, तर आधी तिच्यातली इशाऱ्याची ओळ काढावी लागते, नाहीतर ३.१३ तिथंच अडतो). पासवर्डच्या 'क्रिप्ट' मॉड्यूलचं तसं नाही. त्याचं खरं काम सी भाषेतला भाग करायचा आणि तोही ३.१३ मधून गेला, तेव्हा नुसती फाइल आणून भागत नाही. तिथं पर्यायी पॅकेज बसवावं लागतं, नाहीतर ३.१२ वरच थांबावं लागतं, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत.