बारोलो आणि बार्बारेस्को : पिएमोंतेला निघालेल्या मित्रमंडळींसाठी

इटलीच्या वायव्येला असलेल्या पिएमोंते प्रांतात वाइन चाखायला जायचे असे मित्रमंडळींचे ठरले, की आखणीच्या पहिल्याच बैठकीत दोन नावांची गल्लत होऊ लागते. बारोलो आणि बार्बारेस्को ही दोन गावांचीही नावे आहेत आणि दोन वाइनचीही. दोन्ही गावे आल्बा या छोट्या शहरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत येतात, आणि दोन्ही वाइन नेब्बियोलो या एकाच काळ्या द्राक्षापासून, त्यात दुसऱ्या कोणत्याही जातीचे द्राक्ष न मिसळता केल्या जातात. इटलीच्या वाइन-कायद्यातला डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा दोघींना १९८० सालीच मिळाला आणि २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या पिएमोंतेच्या द्राक्षबागांमध्ये दोघींच्या टेकड्यांचा समावेश आहे. मग फरक कशात आहे, आणि चार-पाच दिवसांच्या सहलीत कोणत्या गावाला किती वेळ द्यावा, हे प्रवासाला निघण्यापूर्वीच समजून घेतलेले चांगले, कारण तिथे गेल्यावर समोर एकामागून एक पेले येऊ लागले की हे शांतपणे समजून घेणे अवघड होते.

या प्रश्नाला मिळणारे नेहमीचे उत्तर असे, की बारोलो हा वाइनचा राजा आणि बार्बारेस्को ही राणी. पहिली दणकट, दुसरी नाजूक. प्रवासाच्या माहितीपत्रकांत हे वाक्य इतक्या वेळा येते की ते खरेच वाटू लागते. माझ्या मते या वाक्याने पाहुण्यांची दिशाभूलच अधिक होते. दोन वाइनमधला जो फरक निश्चितपणे सांगता येतो तो जागेचा आणि मुरण्याच्या मुदतीचा आहे. ताकदीचा फरक मात्र बारोलोच्याच दोन टोकांच्या गावांमध्ये जितका जाणवतो, तितका तो पुष्कळदा बारोलो आणि बार्बारेस्को यांच्यातही जाणवत नाही.

आधी जागेचे पाहू. आल्बा शहर तानारो नदीच्या काठी आहे. त्याच्या नैऋत्येला बारोलोचा टापू पसरलेला आहे आणि ईशान्येला बार्बारेस्कोचा. बारोलो हे नाव अकरा गावांच्या हद्दीतल्या बागांना लावता येते. त्यांपैकी बारोलो, सेर्रालुंगा आणि कास्तिल्योने फाल्लेत्तो ही तीन गावे संपूर्ण, तर ला मोर्रा, मोन्फोर्ते, वेर्दुनो, नोव्हेल्लो आदी गावांचा काही भाग त्यात येतो. बार्बारेस्कोचा टापू बार्बारेस्को, नेइवे आणि त्रेइसो या तीन गावांपुरता व आल्बाच्या एका लहानशा भागापुरता मर्यादित आहे, त्यामुळे बारोलोच्या बागांचे क्षेत्र बार्बारेस्कोच्या साधारण तिप्पट भरते. बार्बारेस्कोच्या बागा सरासरीने थोड्या कमी उंचीवर आणि नदीच्या अधिक जवळ आहेत. तिथली हवा किंचित उबदार राहते आणि द्राक्षे काही दिवस आधी पिकतात. नेब्बियोलो मुळातच उशिरा पिकणारी जात आहे, तिची काढणी बहुधा ऑक्टोबरमध्ये होते, आणि अशा जातीच्या बाबतीत थोड्या दिवसांची उबही रसाच्या तुरटपणावर परिणाम करते. राणीच्या उपमेमागे जे काही तथ्य आहे ते एवढेच.

मुदतीचा फरक मात्र कायद्यानेच ठरवून दिलेला आहे आणि सहलीला निघालेल्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असा आहे. बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते व त्यांपैकी किमान १८ महिने लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात व त्यांपैकी ९ महिने लाकडात जावे लागतात. लेबलवर ‘रिझेर्वा’ असे लिहायचे असेल तर बारोलोला ६२ आणि बार्बारेस्कोला ५० महिने थांबावे लागते. ही मोजणी काढणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून सुरू होते. म्हणजे २०२२ च्या द्राक्षांची साधी बारोलो १ जानेवारी २०२६ ला विक्रीस येऊ शकते आणि त्याच दिवशी २०२३ च्या द्राक्षांची बार्बारेस्कोही येऊ शकते. याचा अर्थ असा, की एखाद्या वायनरीने ताज्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी उघडून दाखवल्या तर आपण बहुधा दोन जागांची तुलना करत नसून दोन वेगळ्या हंगामांची आणि दोन वेगळ्या वयांची तुलना करत असतो. एक उन्हाळा कोरडा आणि कडक, दुसरा पावसाचा असला, तर पेल्यातला फरक त्या उन्हाळ्यांचा असेल आणि आपण तो गावांच्या नावावर मांडून मोकळे होऊ. म्हणून चाखण्यापूर्वी लेबलवरचे वर्ष वाचण्याची सवय गटातल्या सर्वांनी लावून घ्यावी, आणि शक्य असेल तिथे दोन्ही वाइन एकाच वर्षाच्या मिळतील का असे यजमानांना नम्रपणे विचारावे.

आता बारोलोच्या पोटातल्या फरकाकडे येऊ, कारण हा विषय खरा तिथे रंगतो. या टेकड्या एके काळी समुद्रतळ होत्या आणि त्यांची माती म्हणजे सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी साचलेला गाळ आहे. बारोलो टापूच्या पश्चिमेला, ला मोर्रा आणि खुद्द बारोलो गावाच्या बाजूला, निळसर-करड्या रंगाची, चुनखडी मिसळलेली चिकणमाती आढळते. तिथली वाइन सुगंधी असते आणि तुलनेने लवकर पिण्याजोगी होते. पूर्वेला सेर्रालुंगाकडे गेले की त्याहून थोडे जुने थर लागतात, ज्यांत वालुकाश्माचे पट्टे येतात, आणि तिथली वाइन तुरट, ताठर व अनेक वर्षे मुरण्याची अपेक्षा करणारी असते. विशेष म्हणजे बार्बारेस्को गावाच्या बऱ्याच बागांतली माती ला मोर्राच्या मातीशीच नाते सांगणारी आहे. त्यामुळे ला मोर्राची एखादी बारोलो आणि बार्बारेस्को गावची एखादी बार्बारेस्को न सांगता समोर ठेवली तर जाणकारही अडखळू शकतात, पण ला मोर्रा आणि सेर्रालुंगा यांच्यातला फरक पहिल्यांदाच वाइन चाखणाऱ्या मित्रालाही सहसा कळतो. ज्यांना अधिक खोलात जायचे असेल त्यांच्यासाठी लेबलवर बागेचे नावही असते: बारोलोत अशी १७० अधिकृत नावे आहेत आणि बार्बारेस्कोत ६६.

पेल्यात नेमके काय पाहावे? नाशिकच्या वायनरीतली शिराझ किंवा काबेर्ने सोविन्यों पिण्याची सवय असलेल्या माणसाला नेब्बियोलो प्रथमदर्शनी फिकी वाटते. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर मधला भाग माणकासारखा लाल पण पारदर्शक दिसतो, खालची अक्षरेही वाचता येतात, आणि कडेला लाल रंग विटकरी होत जातो. या फिकेपणावरून वाइन सौम्य असेल असा समज होतो आणि पहिला घोट घेताच तो मोडतो, कारण कोवळ्या सुपारीने आवळावे तसे हिरड्या आणि गालांचे आतले भाग आवळले जातात. वास घेताना गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या, चेरी आणि डांबर यांची आठवण होते असे जुने जाणते सांगतात. डांबराचा उल्लेख विचित्र वाटला तरी सेर्रालुंगाच्या वाइनमध्ये तो पटतो. दोन वाइन ताडून पाहायच्या असतील तर सुगंधापेक्षा हा आवळपणा किती वेळ टिकतो आणि हिरड्यांवर कुठे जाणवतो याकडे लक्ष द्यावे, कारण सुगंध पेल्यात दर दहा मिनिटांनी बदलत राहतो.

हॉटेलात यादी वाचताना आणखी एक गल्लत होते. बार्बेरा हे निराळेच द्राक्ष आहे; ‘बार्बेरा दाल्बा’ ही त्याच टेकड्यांवरची, आंबटपणा जास्त आणि तुरटपणा कमी असलेली, रोजच्या जेवणाबरोबरची वाइन असून तिचा बार्बारेस्कोशी नावापलीकडे संबंध नाही. याउलट ‘लांगे नेब्बियोलो’ असे लेबल असलेली बाटली मात्र खरोखरच त्याच द्राक्षाची, पुष्कळदा त्याच कुटुंबाने केलेली, कमी मुदतीची आणि बरीच स्वस्त असते. रात्रीच्या जेवणासाठी गटाने तीच मागवावी.

बारोलोचे नाव आधी का गाजले याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात बारोलोच्या किल्ल्याची मालकीण असलेल्या जुलिया फाल्लेत्ती या मूळच्या फ्रेंच मार्क्विसबाईंमुळे ही वाइन तोरिनोच्या राजदरबारात पोहोचली, आणि पुढे इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार ठरलेला काव्हूर जवळच्याच ग्रिंझाने गावाचा महापौर होता व तिथल्या बागांत त्याने लक्ष घातले होते. बार्बारेस्कोच्या वाट्याला असा दरबार आला नाही. तिथली द्राक्षे दीर्घकाळ बारोलो करणाऱ्यांना विकली जात. १८९४ मध्ये आल्ब्याच्या वाइन विद्यालयाचे प्रमुख दोमित्सियो काव्हात्सा यांनी बार्बारेस्कोच्या शेतकऱ्यांना एकत्र करून स्वतःच्या गावाच्या नावाने वाइन करायला लावले. फॅसिस्ट राजवटीच्या काळात ती संस्था बंद पडली आणि १९५८ साली गावच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९ शेतकऱ्यांनी ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी संस्था पुन्हा उभी केली. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मराठी माणसाने ही संस्था अवश्य पाहावी. ती सभासदांच्या नेब्बियोलोपासूनच वाइन करते, आणि चांगल्या हंगामात नऊ वेगवेगळ्या बागांच्या नऊ रिझेर्वा बाटल्या स्वतंत्रपणे भरते, त्यामुळे एकाच हाताने, एकाच पद्धतीने केलेल्या वाइनमधून केवळ मातीचा फरक चाखण्याची सोय तिथे होते. पुढे आंजेलो गाया या बार्बारेस्कोच्याच वाइन-उत्पादकामुळे बार्बारेस्को जगभर पोहोचली, तिच्या काही बाटल्यांच्या किमती अनेक बारोलोंच्या पलीकडे गेल्या, आणि राणीने राजाच्या मागून चालावे ही कल्पना बाजारानेच मोडीत काढली.

आखणीविषयी माझा आग्रह असा, की सुरुवात बार्बारेस्कोने करावी. गाव एवढेसे आहे की पायी फिरून होते. मध्ययुगीन मनोऱ्यावरून तानारोचे वळण आणि बागांचे उतार दिसतात, आणि सान दोनातोच्या जुन्या चर्चमध्ये असलेल्या प्रादेशिक वाइन-केंद्रात अनेक उत्पादकांच्या बाटल्या पेल्याच्या हिशेबाने चाखता येतात. एकसंध, लहान टापूत नेब्बियोलोची ओळख झाली की दुसरा दिवस ला मोर्रा व बारोलो गावाला आणि तिसरा सेर्रालुंगा व मोन्फोर्तेला द्यावा. बारोलोच्या किल्ल्यात वाइनचे संग्रहालय आहे, पण त्यासाठी चाखण्याची वेळ खर्च करू नये. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न जरूर विचारावा: वाइन मोठ्या, जुन्या पिंपात मुरवली की २२५ लिटरच्या लहान, नव्या पिंपात? नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास इतका प्रभावी ठरू शकतो की त्यापुढे गावाचा फरक झाकला जातो.

नाशिकला रविवारी सहज गाडी काढून वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये जाऊन बसता येते, तसे इथे गृहीत धरू नये. बहुतेक वायनऱ्या घरगुती आहेत, कुटुंबातलेच कोणीतरी पाहुण्यांसाठी वेळ काढते, रविवारी अनेक ठिकाणे बंद असतात, म्हणून काही आठवडे आधी ईमेलने वेळ व माणसांची संख्या कळवावी आणि ती पाळावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी बुरशीचा) बाजार भरतो आणि राहण्याची सोय महागते. शिवाय काढणीच्या दिवसांत यजमानांना उसंत नसते. मे-जून हे महिने मला गटासाठी अधिक सोयीचे वाटतात. दिवसाला दोनच वायनऱ्या ठेवाव्यात. पाच नमुने प्रत्येकी ५० मिलिलिटर धरले तरी एका ठिकाणी पाव लिटर वाइन होते, म्हणून ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकणे तिथे शिष्टसंमत आहे आणि ज्याला उरलेल्या पेल्यांची चव खरोखर कळायला हवी आहे त्याने ते करावेच. इटलीत वाहनचालकाच्या रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, रस्ते वळणांचे आहेत, तेव्हा चालकासह व्हॅन ठरवावी. चाखण्याच्या दिवशी कोणीही अत्तर लावू नये. एकाच्या अत्तराने सगळ्या टेबलाचा वास बिघडतो.

गटात शाकाहारी मंडळी असतील तर जेवणाविषयी आधीच बोलून ठेवावे. ‘आन्योलोत्ती देल प्लिन’ या पिएमोंतेच्या प्रसिद्ध पास्त्यात सहसा मांसाचे सारण असते, आणि भाज्या बुडवून खाण्याच्या ‘बान्या काउदा’त लसणाबरोबर अँकोव्ही मासळी असते, जी नुसते पाहून ओळखू येत नाही. लोणी आणि सेजची पाने घातलेले ‘तायारिन’ चालेल, मात्र त्याच्या पिठात अंड्यांचे भरपूर पिवळे बलक असतात.

परतताना भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या हातातल्या पिशवीत चालत नाहीत, सामानात कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवाव्या लागतात. सगळ्यांनी मिळून एकाच वर्षाच्या ला मोर्रा, सेर्रालुंगा आणि बार्बारेस्कोच्या बाटल्या वाटून घ्याव्यात, आणि पुण्या-मुंबईच्या उकाड्यात त्या माळ्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवाव्यात. उघडण्याच्या दिवशी त्या अर्धा तास आधी बाहेर काढाव्यात आणि सेर्रालुंगाचे बूच इतर दोघींपेक्षा दोन तास आधी काढावे.