'कुत्रा चालेल' आणि 'कुत्र्याला चालेल'

मी गोव्यात गिऱ्हाइकांना घरं दाखवते. पर्वरीतल्या एका फ्लॅटची जाहिरात मी स्वतः लिहिली होती. 'दोन बेडरूम, मोकळी हवा, पेट-फ्रेंडली.' ती वाचून मुंबईहून एक जोडपं आलं, सोबत आठ-नऊ वर्षांचा लॅब्रेडोर. मालकांनी आदल्या दिवशी माणूस बोलावून फरशी घासून आरशासारखी करून घेतली होती. कुत्रा दारातून आत आला, चार पावलं चालला आणि त्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले. उठायला गेला, पुन्हा घसरला. मग हॉलच्या मधोमध पोटावर बसला तो हलेचना. बाई त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, पेट-फ्रेंडली म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

मला म्हणायचं होतं, सोसायटीची हरकत नाही. त्यांनी वाचलं होतं, आमचा म्हातारा कुत्रा इथे सुखाने राहील. दोन्ही अर्थ त्या एका शब्दात बसतात, आणि गोव्यातल्या घरांच्या जाहिरातींत तो शब्द आता इतका सर्रास येतो की लिहिणारा आणि वाचणारा वेगवेगळ्या घरांबद्दल बोलत असतात. मराठीत हा फरक एका 'ला'चा आहे. कुत्रा चालेल, म्हणजे माणसांची ना नाही. कुत्र्याला चालेल, म्हणजे ते घर त्याच्या पायांना, नाकाला, उन्हापावसाला झेपणारं आहे. पहिली गोष्ट कागदावर आणि शेजाऱ्यांत ठरते. दुसरी फरशीवर, फाटकापाशी आणि गल्लीत.

आधी परवानगीचं. इथे विकणाऱ्यांचा एक मोठा गैरसमज आहे. 'कुत्रा चालेल' ही जणू आपण दिलेली सवलत आहे, अशा थाटात ते सांगतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की रहिवासी संघटना किंवा सोसायटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. ठरावीक जातीच्या कुत्र्याला मज्जाव करता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही रोखता येत नाही. याच्या मुळाशी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि राज्यघटनेच्या ५१-अ (छ) कलमात सांगितलेलं सजीवांबद्दलच्या दयाबुद्धीचं कर्तव्य आहे. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही सोसायट्यांची अशी बंदी बेकायदा ठरवली. तो निकाल गोव्यावर बंधनकारक नाही, पण वाद झालाच तर दाखवण्यासारखा आहे.

म्हणजे फ्लॅट विकत घेणाऱ्याला कुत्रा ठेवायची मुभा बहुतेक ठिकाणी आधीपासूनच असते. ती जाहिरातीत मोठ्या अक्षरांत घालणं म्हणजे 'घराला दार आहे' असं लिहिण्यासारखं आहे. भाड्याच्या घराचं वेगळं. तिथे मालक करारात अट घालू शकतो, म्हणून भाड्याच्या जाहिरातींत 'पाळीव प्राणी चालतील' या ओळीला खरंच वजन असतं. तीच ओळ उचलून विक्रीच्या जाहिरातीत चिकटवली जाते, आणि गोंधळाची निम्मी सुरुवात तिथे होते.

तरीही परवानगीच्या बाजूने विकणाऱ्याने करण्याजोगं बरंच आहे. कायद्याने मिळालेला हक्क आणि रोजचं सुखाचं राहणं यांच्यामध्ये शेजारी असतात. सोसायटीच्या सचिवांशी आधी बोला, आणि सामायिक जागेत साखळी, विष्ठा उचलणं, लसीकरणाची नोंद याबद्दल काही नियम असतील तर त्यांची प्रत मागून घ्या. इमारतीत आधीपासून किती कुत्री आहेत तेही विचारा. लिफ्ट एकच असेल तर सांगून टाका. वरच्या मजल्यावरच्या आजींना कुत्र्याची भीती वाटते, हेही सांगा. ऐकणारा पळून जाईल असं विकणाऱ्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कुत्रा पाळणारी माणसं दारोदारी नकार ऐकून आलेली असतात, त्यांना खरं सांगणाऱ्याचा आधार वाटतो.

परवानगीसाठी घर सजवावं लागत नाही. तिथे कागद लागतो आणि एक प्रामाणिक वाक्य. पण झालंय काय, की परवानगीपलीकडे काही नसलेल्या घरात लोक सजावटीने ती उणीव भरून काढतात. कोपऱ्यात नवी कोरी कुत्र्याची गादी, स्टीलची दोन भांडी, भिंतीवर पंजाच्या ठशांचं चित्र, की झालं घर पेट-फ्रेंडली. गिऱ्हाइकाला हे दिसतं, आणि गादीखालची गुळगुळीत फरशीही दिसते.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

फरशीपासून सुरुवात करू. नव्या फ्लॅटांत सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. माणसाला चपलेचा आधार असतो, कुत्र्याची नखं त्या टाइलवर रुततच नाहीत. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा आजार बराच आढळतो, आणि अशा कुत्र्याला रोजचं घसरणं फार जड जातं. फरशी बदला असं विकणाऱ्याला कोणी म्हणणार नाही. पण गिऱ्हाईक येण्याआधी तिच्यावर पॉलिश मारू नका. दारापासून हॉलपर्यंत आणि पाण्याच्या भांड्याजवळ खाली रबर असलेल्या सतरंज्या घाला. बाल्कनीत खरखरीत टाइल असेल तर तिचा जवळून फोटो काढा. जुन्या घरात शहाबादी किंवा घासून जुनी झालेली सिमेंटची फरशी असते, तीवर पाय ठरतो. मालकांना तिची लाज वाटते आणि ते ती गालिच्याखाली झाकतात. कुत्रा पाळणारं गिऱ्हाईक येणार असेल तर ती उघडी ठेवा.

मग कुंपण. गोव्यातला चिऱ्यांचा जुना गडगा दिसायला देखणा असतो, पण दोन पावसाळ्यांत एखादा चिरा निसटतो आणि कुत्र्याएवढी फट तयार होते. चिऱ्यांच्या सांदीत सापही राहतात, आणि आपल्याकडे नाग, घोणस, मण्यार तिन्ही आहेत. पेडण्याच्या बाजूला एक घर दाखवायला गेले होते, तेव्हा एक काका फाटकाशी ओणवे झाले आणि खिशातली टेप काढून फाटकाखालची फट मोजली. सहा इंच. त्यांच्याकडे डॅशहुंड होता. घराच्या आत ते त्यानंतर गेलेच नाहीत. त्या फटीला लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली असती तर एका सकाळचं काम होतं. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर, गच्चीच्या कठड्याची उंची, मागच्या दाराची कडी नाकाने ढकलून उघडते का, हे सगळं त्याच यादीतलं. आणि हे तपासायचं तर उभं राहून भागत नाही, गुडघ्यावर बसावं लागतं. फोटोही तिथूनच काढावेत, जमिनीपासून दीड-दोन फुटांवरून. कुत्र्यासाठी घर शोधणारा माणूस ते फोटो निरखून बघतो.

बाग ही विकणाऱ्याची अभिमानाची जागा. फाटकाच्या दोन बाजूंना सायकस, म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, लावायची पद्धत आता बंगल्या-बंगल्यात आहे. सायकस कुत्र्याला अतिशय विषारी आहे. त्याच्या बिया सर्वांत घातक, यकृत निकामी करतात. कण्हेरही विषारी. जाणत्या गिऱ्हाइकासमोर सायकसची कुंडी हे स्वागत ठरत नाही. कुंड्या हलवा, त्या जागी जास्वंद ठेवा. जमिनीतलं झाड काढता येत नसेल तर निदान आधी सांगा.

पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चार महिने कुत्रा दिवसातून दोनदा चिखलात जाऊन येणार. तो भिजून आला की कुठे उभा राहणार? बाल्कांव, म्हणजे दारापुढची छपराची ओसरी, असलेल्या जुन्या घराला या प्रश्नाचं तयार उत्तर आहे. वर कौलांचं छप्पर, बाजूला बसायला सोपो, म्हणजे बांधीव बाक, खाली पाणी निथळणारी जमीन. त्याला बाहेर एक नळ आणि टॉवेल अडकवायला खुंटी जोडा, की हजार रुपयांत घराचं काम झालं. मी तर सांगते, तो नळ जाहिरातीत घाला. साठलेल्या पाण्यातून उंदरांच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही, म्हणून अंगणात पाणी कुठे तुंबतं हे गिऱ्हाईक विचारणारच. गोचिडींचंही विचारतील. गवत कापलेलं असू द्या.

आता वासाबद्दल, कारण यात सगळ्यांत जास्त फसगत होते. तुमच्या घरात आधी कुत्रा असेल तर जानेवारीत, कोरड्या हवेत, कोणाला काही कळणार नाही. फरशीच्या सांध्यांत मुरलेल्या मुताचे क्षार हवेतली ओल शोषून घेतात आणि जुलैत पुन्हा वास सोडतात. तोवर घराचा व्यवहार झालेला असतो. फिनेल ओतून किंवा उदबत्ती लावून हे जात नाही. अमोनिया असलेला क्लीनर तर वापरूच नका, त्याचा वास मुताशी इतका मिळताजुळता की नवा कुत्रा त्याच जागी पाय वर करतो. एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं, ते सांध्यांत मुरू द्यावं लागतं, दोन-तीनदा करावं लागतं. माणसाला वास गेला असं वाटलं तरी कुत्र्याच्या नाकापुढे आपलं नाक काहीच नाही, नवा कुत्रा आल्या आल्या जुन्याचा पत्ता शोधून काढतो.

आणि गल्ली. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. गोव्यातल्या वाड्यावर दर वळणावर चार-पाच कुत्री निजलेली असतात, ती त्यांची हद्द. साखळीला बांधलेला परका कुत्रा तिथून रोज कसा जाणार? सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की सगळी एकदम उठतात, तेव्हा गल्लीचा खरा आवाज ऐकू येतो. या बाबतीत आपल्या राज्याकडे सांगण्यासारखं काही आहे. २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार मिळून इथे कुत्र्यांना लस देत आले आहेत, आणि २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं गोवा हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानाला खाच दिसली तर नसबंदी झाली आहे, हे कुत्रा पाळणाऱ्याला न सांगता कळतं. म्हणून मी आता घर दुपारी दाखवत नाही. संध्याकाळी साडेपाचला बोलावते, कुत्र्याला घेऊन या म्हणते, आणि आधी दहा मिनिटं गल्लीतून चालवते. घर मग बघतो.

घरमालकाचा स्वतःचा कुत्रा असेल तर त्याला त्या वेळी बाहेर न्या. परका कुत्रा आपल्या दारात आलेला त्याला खपत नाही, आणि दोघांच्या भुंकण्यात गिऱ्हाइकाला घर दिसतच नाही. मालकाला हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण घर त्याचंही असतं.

जाहिरातीतल्या शब्दांना कायद्याचंही वजन आहे, हे बिल्डरांबरोबर काम करणाऱ्यांनी विसरू नये. तळमजल्याचे फ्लॅट 'खाजगी बाग' म्हणून विकले जातात. २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या, कायद्याप्रमाणे प्रकल्पातल्या बागा आणि मोकळ्या जागा सामायिक क्षेत्रात मोडतात. ती हिरवळ करारनाम्यात तुमच्या नावावर नसेल तर उद्या सोसायटी तिथे बाक टाकू शकते, आणि तुमच्या कुत्र्याची बाग गेली. त्याच कायद्याचं १२ वं कलम जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून नुकसान झालेल्या गिऱ्हाइकाला भरपाईचा हक्क देतं. जुन्या घराच्या विक्रीतही, नीट पाहूनसुद्धा न दिसणारा मोठा दोष माहीत असेल तर तो सांगणं हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याचं काम आहे.

दोन्ही गोष्टी एकाच घरात असतीलच असं नाही. आसगाव-हळदोण्याकडचं जुनं घर कुत्र्याला अगदी मानवतं आणि तिथे परवानगी कोणाची घ्यायची हा प्रश्नच नसतो, पण फाटकाबाहेरचा रस्ता अरुंद आणि गाड्या भरधाव. ताळगावातल्या एखाद्या सोसायटीत सगळे कुत्र्यांवर जीव टाकणारे असतात आणि चौथ्या मजल्यावर त्याला मुतायला न्यायचं तर लिफ्टची वाट बघत बसावं लागतं. तरणाताठा बीगल जिथे मजेत राहील तिथे म्हातारा लॅब्रेडोर राहील असं नाही. म्हणून मी हल्ली गिऱ्हाइकाला बजेटच्या आधी कुत्र्याचं वय विचारते.

पर्वरीचं ते जोडपं दुसरीकडे गेलं. फ्लॅटची जाहिरात मी बदलली. मालकांना ती आवडली नव्हती, पण त्यांनी करू दिली. ती अशी होती:

'पर्वरी, तिसरा मजला, दोन बेडरूम. सोसायटीत सध्या तीन कुत्री आहेत, नियमांची प्रत मिळेल. लिफ्ट एकच. फरशी गुळगुळीत आहे, म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्यासाठी सतरंज्या लागतील. मागच्या बाल्कनीत खरखरीत टाइल आणि नळ. गजांमधलं अंतर साडेतीन इंच. फाटकाबाहेर गल्लीतली चार कुत्री, चौघांच्याही कानाला खाच. कुत्र्याला घेऊन संध्याकाळी या.'