पोस्टक्रॉसिंग

जगभरातील अनोळखी व्यक्तींनी एकमेकांना टपालाने चित्रकार्डे पाठवण्याचा एक संघटित उपक्रम. पोर्तुगालमधील पाउलो मागाल्याइश या विद्यार्थ्याने तो १४ जुलै २००५ रोजी सुरू केला. पत्रमैत्रीत दोघांचा पत्रव्यवहार चालू राहतो. येथे मात्र ज्याला कार्ड पाठवले त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नसते. सभासदाने उपक्रमाच्या संकेतस्थळावर मागणी केली की त्याला कोणा एका सभासदाचा पत्ता आणि देशाची अक्षरे व आकडा मिळून बनलेला एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक कार्डावर लिहावा लागतो. कार्ड हाती पडल्यावर मिळवणारा त्याची नोंद करतो आणि मग पाठवणाऱ्याचा पत्ता तिसऱ्याच कोणाकडे जातो. देणे एकाला आणि येणे दुसऱ्याकडून, असा हा व्यवहार असल्यामुळे कोणी कोणाचा ऋणी राहत नाही, आणि उपक्रम इतकी वर्षे टिकून राहण्याचे खरे कारण हेच मानावे लागेल.

नव्या सभासदाला सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डे प्रवासात ठेवता येतात. पोहोचलेल्या कार्डांची संख्या वाढेल तशी ही मर्यादा वाढत जाते. साठ दिवसांत नोंद न झालेले कार्ड हिशेबातून वगळले जाते, जेणेकरून गहाळ टपालामुळे पाठवणाऱ्याची वाट अडून राहू नये. पावसात शाई पसरली किंवा शिक्का नेमका आकड्यांवर बसला तर क्रमांक वाचता येत नाही. म्हणून अनुभवी सभासद तो दोन ठिकाणी लिहितात.

या देवघेवीचा पाया मात्र फार जुना आहे. पहिले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले आणि भारतात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड मिळू लागले. त्याहून महत्त्वाचा ठरला १८७४ चा स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल करार. सभासद देशांचा मिळून टपालापुरता एकच प्रदेश मानावा आणि पाठवणाऱ्या देशाचे तिकीट शेवटच्या मुक्कामापर्यंत चालावे, हे त्यातून ठरले. त्यापूर्वी पत्र जितक्या देशांतून जाई, तितक्यांशी दरांचे स्वतंत्र करारमदार लागत. आज मुंबईच्या पेटीत टाकलेले कार्ड भारतीय तिकिटावर फिनलंडमधील खेड्यात पोहोचते, ते या तत्त्वामुळेच. देशांतर्गत टपालाचे ५० पैशांचे कार्ड परदेशी पाठवायचे तर अर्थातच तितके मूल्य पुरत नाही. परदेशी दराइतकी तिकिटे लावावी लागतात.

तिकीटसंग्राहकांना हा उपक्रम विशेष जवळचा वाटतो. संग्राहक एरवी कोरी तिकिटे विकत घेऊ शकतो. पण प्रत्यक्ष वापरलेले, गावाचे नाव आणि तारीख स्पष्ट उमटलेले तिकीट केवळ टपालातूनच मिळते. पाठवणारेही याची जाण ठेवतात आणि शिक्का मारणाऱ्या यंत्राच्या लाटांसारख्या रेघांखाली तिकीट झाकले जाऊ नये म्हणून टपाल कार्यालयाच्या खिडकीवर हाताने शिक्का मारून घेतात. तिकीट कोमट पाण्यात भिजवून सोडवण्याची जुनी पद्धत अशा कार्डांना लावू नये. तिकीट सुटे केले की शिक्क्याचा अर्धा भाग कार्डावरच राहतो, दर, मार्ग आणि तारीख यांचा परस्परसंबंध तुटतो, आणि स्वयंचिकट तिकिटे तर पुष्कळदा पाण्याने सुटतही नाहीत.

नेदरलँड्सच्या टपालसेवेने २०११ मध्ये या उपक्रमावर तिकिटे काढली. पुढे फिनलंड, बेलारूस आदी देशांनीही तसे केले. पहिल्या पोस्टकार्डाला २०१९ मध्ये दीडशे वर्षे झाली आणि आता १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून पाळला जातो. काही सभासद पुढे मॅक्सिमम कार्डांकडे वळतात. यात तिकीट कार्डाच्या चित्राच्या बाजूला लावतात आणि चित्र, तिकीट व शिक्का या तिन्हींचा विषय जुळावा लागतो. उदाहरणार्थ, एखाद्या लेण्याचे चित्र, त्याच लेण्याचे तिकीट आणि त्याच परिसरातील टपाल कार्यालयाचा शिक्का.