फिरतो, पण आवळत नाही

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाड्यापासून मालवणापर्यंत होड्यांची आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेर लटकवलेली, इंजिनं उघडली जातात. त्यांत एखादा बोल्ट हटकून असा निघतो, की पाना फिरतो पण बोल्ट आवळत नाही. आटे गेलेले असतात. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्याभोवती चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. ती तार म्हणजेच भोकातले आटे! बोल्टाला बहुधा काहीच झालेलं नसतं.

पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचं भोक या जोडीत हरतं ते अ‍ॅल्युमिनियम. पोलादात बोल्टाच्या व्यासाइतकी आट्यांची लांबी पुरते, अ‍ॅल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट लागते. त्यातही सगळे आटे सारखा भार उचलत नाहीत. डोक्याकडचा पहिलाच आटा साधारण एकतृतीयांश भार घेतो, दुसरा त्याहून कमी, आणि सहाव्या-सातव्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. पहिला तुटला की त्याचा वाटा दुसऱ्यावर पडतो, मग तिसऱ्यावर.

खारं पाणी यात भर घालतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये मीठ म्हणजे नकळत झालेली बॅटरीच. तिच्यात झिजतं अ‍ॅल्युमिनियम. त्याची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि बोल्ट जखडतो. आउटबोर्ड थंड राहतं ते समुद्राच्याच पाण्यावर, त्यामुळे थर्मोस्टॅटच्या, म्हणजे थंड पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सांभाळणाऱ्या झडपेच्या, झाकणाचे बोल्ट यात आधी सापडतात. असा बोल्ट जोर लावून काढला तर आटे घेऊनच येतो. आधी भोकाच्या आजूबाजूचा भाग गरम करावा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, पकड सैल होते. मोठ्या ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असेल तर हे दुखणं बरंच कमी.

पण सगळा दोष मिठाला देता येत नाही. पान्यावर लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात संपतो. किनाऱ्यावर गंज नको म्हणून आट्यांना ग्रीस फासतात, ते बरोबरच आहे. मात्र घर्षण घटलं की तोच हात, तोच पाना बोल्टाला कितीतरी जास्त ताणतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्कचा, म्हणजे आवळताना लावायच्या पिळाचा, आकडा ग्रीस लावूनही तसाच वापरला, तर आटे गेल्याचं आश्चर्य वाटायला नको.

दुरुस्तीत पुढच्या मापाचा बोल्ट ठोकण्याचा मोह होतो. मग झाकणाचंही भोक मोठं करा, आणि भिंत पातळ झाली ती झालीच. चिकटवणारी पुट्टी भरून ताणाखालचे आटे परत येत नाहीत. खरा इलाज हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तारेचा छेद शंकरपाळ्याच्या आकाराचा, म्हणून बाहेरून ती भोकात बसते आणि आतून बोल्टाला आटे देते. ८ मिलिमीटरच्या, १.२५ पिचच्या (म्हणजे दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असलेल्या) बोल्टासाठी भोक ८.३ मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करतात आणि हेलिकॉइलचा खास टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारं हत्यार, मारतात. ड्रिल वाकडं गेलं तर पुढचं सगळं वाया, म्हणून घाई करायची ती इथे नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की बराचसा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. स्प्रिंग मुळात भोकापेक्षा किंचित मोठी असते. ती पिळून आत घालतात आणि सोडली की फुलून घट्ट बसते. पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली थांबायचं, तळाचा आडवा दांडा तोडायचा आणि तो तुकडा आठवणीने बाहेर काढायचा.

अ‍ॅल्युमिनियममधले नवे आटे आता साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास व्यासाचे होतात, म्हणजे तेवढ्याच लांबीत तुटायला सुमारे २० टक्के जास्त धातू. शिवाय तार थोडी लवते, त्यामुळे भार पहिल्याच आट्यावर न साचता पुढच्यांत वाटला जातो. नीट बसवलेलं हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियममध्ये मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतं ते यामुळे.

किनाऱ्यावर एक पथ्य मात्र जास्तीचं. स्टेनलेसही अ‍ॅल्युमिनियमला खातंच, म्हणून स्प्रिंग बसवण्याआधी भोकातल्या आट्यांना झिंक क्रोमेटसारखी गंजरोधक पेस्ट लावावी. आणि स्पार्क प्लगचं भोक असेल, तर स्प्रिंगऐवजी भरीव बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली धातूची नळी, बरा. प्लग वरचेवर काढावा लागतो आणि त्याच्याबरोबर स्प्रिंगही फिरत बाहेर येऊ शकते.