बागेचे कमी खर्चाचे कुंपण

भाजीपाला, रोपे व फळझाडे वन्य प्राण्यांपासून राखण्यासाठी खांब आणि जाळी किंवा तारा यांचा उभारलेला अडसर. असे कुंपण बहुधा उंची कमी पडल्याने नव्हे, तर तळाशी फट राहिल्याने निकामी ठरते. ससा जाळीखालून उकरतो, साळिंदर उकरते आणि कुरतडतेही, रानडुक्कर मुसंडी मारून जाळी उचलते. म्हणून हात आखडता घ्यायचाच असेल तर तो उंचीत घ्यावा, तळात व कोपऱ्यांत नाही.

आधी पाऊलखुणा, लेंड्या आणि खाल्लेली पाने पाहून प्राणी ओळखावा. ससा देठ कात्रीने छाटल्यासारखा तिरपा कापतो; हरणाला वरचे पुढचे दात नसल्याने त्याने ओरबाडलेल्या देठाचे टोक फाटलेले, रेषाळ दिसते.

सशासाठी २५ मिमी छिद्रांची, १२० सेंमी रुंद जाळी पुरते. तिचा खालचा ३० सेंमी भाग काटकोनात बाहेरच्या बाजूला दुमडून जमिनीवर पसरावा आणि तारेच्या आकड्यांनी किंवा दगडांनी दाबावा. वर ९० सेंमी उंची उरते. प्राणी जाळीच्या अगदी पायथ्याशी उकरू लागतो आणि पंजाखाली पुन्हा जाळीच येते. मागे सरकून उकरावे, हे त्याला सहसा सुचत नाही. पावसाळ्यात या पट्ट्यातून गवत उगवते आणि मुळे ती आपोआप जखडून ठेवतात, त्यामुळे चर खणण्याचे कष्ट वाचतात. साळिंदर असेल तेथे ही पातळ जाळी टिकत नाही. जाड तारेची वेल्ड मेश (सांधे वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी) लागते.

१० × ६ मीटरच्या वाफ्याचा घेर ३२ मीटर होतो. लांब बाजूला अडीच मीटरवर आणि आखूड बाजूला दोन मीटरवर खांब घेतल्यास १४ खांब लागतात, फाटकासाठी एक जादा. प्रत्येक खांब ४५ ते ६० सेंमी गाडून माती थराथराने पहारीने चोपावी. लाकूड वा बांबू कुजतो तो जमिनीच्या पातळीशी, कारण ओल आणि हवा तेथे एकत्र मिळतात. त्यामुळे बुंध्याभोवती पाणी साचू देऊ नये. जाळीचा सगळा ताण कोपऱ्याच्या खांबांवर येतो. त्यांना दोन्ही दिशांनी तिरपा टेकू दिला नाही, तर ते आत झुकतात आणि सगळी जाळी ढिली पडते. टेकू बसवल्यावरच जाळी ताणावी.

फाटक हा हमखास विसरला जाणारा भाग. त्याखाली फळी किंवा फरशी उंबरठ्यासारखी बसवून फट ३ सेंमीपेक्षा कमी ठेवावी.

हरणासाठी २.४ मीटर उंची लागते आणि ती महाग पडते. त्याऐवजी सव्वा ते दीड मीटर उंचीची दोन कुंपणे एकमेकांपासून सुमारे १.२ मीटरवर उभारतात. हरीण उंच उडी घेते, पण उंची व रुंदी एकदम पार करायला आणि अरुंद जागेत उतरायला बिचकते.

रानडुकरासाठी जमिनीपासून २० आणि ४५ सेंमीवर झटका मशीनच्या दोन तारा प्रभावी असतात. मशीन साधारण सेकंदाला एक, अतिशय अल्पकाळाचा झटका देते. तारेला गवत टेकले की वीज जमिनीत जाते आणि झटका मंदावतो. अर्थिंगची (मशीनला जमिनीशी जोडणारी) सळई कोरड्या जमिनीत असली, तरीही झटका मंदावतो. घरातली वीज थेट तारेत सोडणे प्राणघातक आहे, ते कधीही करू नये. वानरांना मात्र साधी जाळी चढायला शिडीच होते.

काटेरी तार बागेला वापरू नये. ससा तिच्याखालून सहज जातो, मोठे प्राणी मात्र तिने जखमी होतात. सैल, बारीक नायलॉन जाळीत साप अडकून मरतात.

उभारणीनंतर पहिले काही आठवडे रोज सकाळी फेरी मारावी. तारेत अडकलेले केस, ताजी उकरलेली माती किंवा वर उचललेली कड दिसली, तर त्याच दिवशी तेथे दगड दाबून तारेने बांधावे. एकदा वाट सापडलेला प्राणी रात्री पुन्हा तेथेच येतो.